तुम्ही विचारलंत म्हणून: 'मुलींचे' हा शब्द मी परत का आणला

"लहान मुलांच्या कपड्यांच्या जाहिरातींतून 'मुलींचे' हा शब्द काढा म्हणून भांडणारी तूच होतीस ना? मग आता तूच तो परत का लिहितेस?"

हा प्रश्न मला जाहिरातलेखन शिकायला येणारी तरुण मंडळी विचारतात, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, आणि लंडनला राहणारी माझी मावसबहीण तर प्रत्येक फोनवर विचारते. कधी त्यात कुतूहल असतं. बहुतेक वेळा आरोप असतो: घाबरलीस, दुकानदारांपुढे वाकलीस, थकलीस. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर ते माझं मलाच पटत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

आधी, जे मी मागे घेतलेलं नाही ते सांगते. 'बाबांची परी', 'नाजूक कळी', 'छोटी राजकन्या' हे सगळं मी स्वतः लिहिलेलं आहे, पैसे घेऊन, आणि ते पुन्हा कधीही लिहिणार नाही. त्याच पत्रकाच्या दुसऱ्या बाजूला मुलग्यांच्या पँटसाठी मी 'दणकट' लिहायचे, 'पडायला, उठायला, पुन्हा धावायला' असं लिहायचे. कापड एकच असायचं. मुलीच्या पँटला खिसा नव्हता, खिशाच्या जागी नुसती शिलाई मारलेली होती, आणि ती शिलाई मी 'आकर्षक' म्हणून विकली. २०१६ साली ब्रिटनमध्ये गॅप या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत मुलाला 'लिटल स्कॉलर' आणि मुलीला 'सोशल बटरफ्लाय' म्हटलं गेलं तेव्हा बरीच ओरड झाली. त्या बातम्या वाचताना मला माझीच पत्रकं आठवत होती.

मग सप्टेंबर २०१७मध्ये बातमी आली की जॉन लुईस या ब्रिटिश दुकानाने लहान मुलांच्या कपड्यांवरची 'बॉईज' आणि 'गर्ल्स' अशी वेगवेगळी लेबलं काढली, दुकानातल्या तशा पाट्याही उतरवल्या. बहिणीने फोटो पाठवला. मी तेव्हा कापड दुकानांच्या एका साखळीसाठी मराठी मजकूर लिहीत होते: पाट्या, पत्रकं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती. मी पेटून उठले. बैठकांमध्ये एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले: "'मुलींचे' ही पाटी म्हणजे कुंपण आहे. कुंपण काढा, मुली हव्या तिकडे जातील." आणि मी जिंकले.

मराठीत लिंग टाळून लिहिणं अवघड आहे, पण जमतं, हे मी त्या काळात शिकले. 'तू पळतोस' की 'तू पळतेस', इथे अडतं. पळाला, पळाली, पळालं, इथेही अडतं. भविष्यकाळात मात्र अडत नाही: तो पळेल, ती पळेल, ते पळेल. आज्ञार्थातही नाही: पळ, चढ, उडी मार. म्हणून माझा त्या वर्षीचा सगळा मजकूर भविष्यकाळात नाहीतर आज्ञार्थात आहे. 'झाडावर चढेल. चिखलात लोळेल. गुडघ्यावर फाटणार नाही.' हे मला अजूनही आवडतं. तान्ह्या बाळांच्या कपड्यांना तर काही करावंच लागलं नाही. झबलं-टोपडं सगळ्याच बाळांचं, आणि 'बाळ' हा शब्दच नपुंसकलिंगी. (घाऊक बाजारातली 'बाबा सूट' आणि 'बेबी फ्रॉक' ही वाटणी वेगळी, तिच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता.) त्यापुढच्या वयासाठी मी सगळ्या दुकानांना एकच पाटी दिली: 'मुलांचे कपडे. वय २ ते १२.' 'मूल' नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन 'मुलं', त्यात मुलगी आली, मुलगाही आला. मुलगा या शब्दाचं अनेकवचन तर 'मुलगे'. व्याकरण माझ्या बाजूने होतं आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

२०१८च्या मे महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नवं दुकान उघडलं. तळमजल्यावर लहानांचे कपडे, वर साड्या आणि ड्रेस मटेरियल. दोन दिवस तिथे थांबून गिऱ्हाइकं पाट्या कशा वाचतात ते बघायचं, हे काम मीच मागून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. बरोबर नात, आठ-नऊ वर्षांची. ती थेट मधल्या रॅककडे गेली. तिथे खाकी, सहा खिशांच्या पँट टांगलेल्या होत्या. तिने एका खिशात हात घातला, मग दुसऱ्या, मग गुडघ्याजवळच्या. एक पँट काढून कमरेला लावून बघितली. आजोबा पाटीखाली उभे होते. त्यांनी मान वर करून पाटी वाचली, अक्षर अक्षर लावत, मोठ्याने: "मु-लां-चे क-प-डे." मग म्हणाले, "ठेव गं बाळा ते. हे पोरांचं हाय. आपलं वर आसंल." मुलीने पाटीकडे बघितलं. तिनेही वाचलं असावं. तिने पँट परत अडकवली, नीट, दोन्ही चिमटे लावून, आणि आजोबांच्या मागे जिना चढली. वर तिच्या मापाचं काहीच नव्हतं. दहा मिनिटांनी दोघं रिकाम्या हातांनी खाली आली आणि बाहेर पडली.

मी चार पावलांवर उभी होते. "आजोबा, ते मुलींसाठीही आहे," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आपण फक्त बघायला आलोय, मध्ये पडायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण आज मला माहीत आहे. ते वाक्य तोंडातून निघालं असतं, तर माझी पाटी चुकली हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.

इथपर्यंत मी वर्गात सांगते. पुढचं कधी सांगितलेलं नाही.

काउंटरवरच्या मुलीनेही हे बघितलं होतं. असेल वीस-एकवीस वर्षांची. संध्याकाळी तिने शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेनने 'मुलींचे पण' असं लिहिलं आणि तो पुठ्ठा माझ्या छापील पाटीखाली दोऱ्याने टांगला. अक्षर सुरेख होतं. मी तिला तो काढायला सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, सकाळपासनं चार जणी पाटी वाचून माघारी गेल्या. विचारत पण न्हाईत." मी तिला 'मूल' आणि 'मुलगा' या शब्दांची अनेकवचनं समजावून सांगितली. ती मान हलवत ऐकत राहिली. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "शाळेत मुतारीवर 'मुले' लिहिलेलं असतंय मॅडम. तिथं आम्ही जात न्हाई ना."

मी स्टुलावर चढून तो पुठ्ठा स्वतःच्या हाताने काढला. आणि रात्री मुख्य कार्यालयाला पाठवलेल्या अहवालात लिहिलं की इथे कर्मचारी न विचारता हाताने लिहिलेल्या पाट्या लावतात. तिचं नाव लिहिलं नाही, पण त्या काउंटरवर ती एकटीच होती. दिवाळीच्या आधी मी पुन्हा त्या दुकानात गेले तेव्हा ती तिथे नव्हती. माझ्या अहवालामुळे गेली की आणखी कशाने, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वर्गात एकदा एका मुलाने म्हटलं, "म्हणजे दोष शब्दाचा नव्हताच, आजोबांच्या विचारांचा होता. विचार बदलायचे सोडून तुम्ही पाटी बदललीत." मला याचा राग येतो, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. आजोबांनी मराठी अगदी बरोबर वाचलं होतं. दहावी-बारावीचे निकाल लागले की दर वर्षी मथळा येतो, 'मुलांपेक्षा मुली सरस'. त्यातली 'मुलं' कोण? व्याकरणाच्या पुस्तकात ती नपुंसकलिंगी असतील. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दारावर, हजेरीत, वर्तमानपत्रात ती मुलगे आहेत. 'मुलग्यांचे' हा शब्द बोलण्यात तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? इंग्रजीत 'किड्स' म्हटलं तर मुलगी गळत नाही. मराठीत 'मुलांचे' म्हटलं की ती गळते, आणि गळली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा काढताना जोतीराव आणि सावित्रीबाईंना ती मुलींची शाळा म्हणूनच काढावी लागली. पुण्यात त्याआधी शाळा नव्हत्या असं नाही. त्या कुणाच्या, हे वेगळं सांगायची कुणाला गरज पडत नव्हती, एवढंच.

बहिणीला मी जॉन लुईसचा तो फोटो पुन्हा उघडायला लावला. लेबलवर 'गर्ल्स अँड बॉईज' आहे, काही लेबलांवर 'बॉईज अँड गर्ल्स'. म्हणजे ज्यांचं उदाहरण देऊन मी शब्द पुसला, त्यांनी तो पुसलाच नव्हता. त्यांनी दोघांना एका लेबलवर आणलं होतं. मी फोटो पाहिला, वाचला नाही. ब्रिटनमध्ये जून २०१९पासून स्त्री-पुरुषांच्या घातक साचेबद्ध चित्रणाविरुद्ध जाहिरातींचा नियम लागू झाला, आपल्याकडे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने जून २०२२मध्ये त्याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वं आणली. दोन्हींचा रोख मुलीला काय करता येतं आणि काय नाही, हे जाहिरातीने ठरवण्यावर आहे. 'मुलगी' हा शब्द उच्चारण्यावर नाही.

आणि तटस्थ लिंग म्हणजे समानता, हे मला तरी कुणी शिकवू नये. मी कुडाळची. आमच्या मालवणीत लहान मुलगी म्हणजे चेडू, आणि चेडू नपुंसकलिंगी. आजी माझ्याबद्दल 'ता' म्हणायची. पुण्यात मैत्रिणींना ते ऐकून अपमान वाटायचा. मला कधीच वाटला नाही, तिच्या तोंडी त्यात नुसती माया होती. पण भावाला कधी कुणी 'ता' म्हटलं नाही, तो कायम 'तो'च. घरात तटस्थ लिंग होतं आणि ते माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं.

म्हणून आता मी 'मुलींचे आणि मुलांचे' लिहिते. मुली आधी. 'मुलींच्या आणि मुलांच्या पँट. सहा खिसे.' मालक म्हणतात पाटी लांबते. मी म्हणते लांबू दे.

पण २०१७मधली मी गप्प बसत नाही. ती म्हणते, दोन शब्द लिहिलेस की लोक दोन रांगा करणारच. ती खोटं बोलत नाही. मागच्या वर्षी एका दुकानाने माझी पाटी मधोमध कापली, 'आणि' काढून टाकलं, अर्धी पाटी एका भिंतीवर लावली, अर्धी समोरच्या. सहा खिशांच्या पँट कुठल्या भिंतीला गेल्या ते सांगायला नको.

मागच्या दिवाळीत एका आईचा निरोप आला. तिचा सहा वर्षांचा मुलगा नुकताच वाचायला लागला आहे. त्याला घेरदार, चमकीचा फ्रॉक हवा होता. त्याने हात लावला, मग वरची पाटी वाचली, 'मुलींचे फ्रॉक', आणि हात मागे घेतला. त्या आईने विचारलं होतं, "ही पाटी तुम्ही लिहिलीत का?"

हो, मीच लिहिली, असं मी तिला कळवलं. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. भिडे वाडा तिला कसा सांगणार? फ्रॉकच्या पाटीवरून 'मुलींचे' काढलं तर बहुधा कुठलीच मुलगी हरवणार नाही. पँटच्या पाटीवरून काढलं तर हरवते, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. मग एका पाटीला एक नियम आणि दुसरीला दुसरा? बहीण म्हणेल ही पळवाट आहे. असेलही. यंदाच्या पाट्या छपाईला जायला आठ दिवस आहेत. फ्रॉकच्या पाटीचं प्रूफ समोर आहे. सकाळी मी त्यावरचं 'मुलींचे' खोडलं, दुपारी परत लिहिलं, आत्ता पुन्हा खोडलं आहे.