महत्त्वाचे २

परवा संगणकातली टिपणं चाळताना 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे २' आणि 'महत्त्वाचे - हेच' अशी तीन शीर्षकं एकाखाली एक दिसली. तिसरं उघडलं. आत एकच ओळ : 'आधीच्यात दुरुस्ती करणे.' कोणत्या आधीच्यात, हे ज्याला ठाऊक होतं तो गृहस्थ टिपण लिहून निघून गेला. मागे राहिलो मी, त्याचा वारस.

मग नावांना शिस्त लावायची म्हणून तारखांकडे वळलो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस : २०२४-०३-१५. आयएसओ ८६०१ या मानकातली ही मांडणी, त्यामुळे नावं आपोआप कालक्रमाने रांगेत उभी राहतात. रांग सुरेख झाली. अडचण एवढीच, की मला काय सुचलं ते आठवतं, कधी सुचलं ते कधीच नाही.

निक्लस लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ९० हजार चिठ्ठ्या जमवल्या, त्या क्रमांकांच्या भरवशावर. आकडा, त्यापुढे अक्षर, पुन्हा आकडा. मधेच नवी चिठ्ठी घुसवायची तर फाटा फोडायचा. पण त्याला लाकडी खणातली जागा सापडायला हवी होती. माझ्याकडे खण नाही, शोधाची चौकट आहे. जागा सांगायचं काम उरलं नाही, तर नावाने निदान काहीतरी बोलावं.

म्हणून हल्ली मी शीर्षकात वाक्य लिहितो. 'स्मरणशक्ती' हे नाव म्हणजे अडगळीची खोली, आत काहीही टाका. 'आठवताना आठवण बदलते' म्हटलं की झोपेबद्दलचा मजकूर तिथून आपणहून बाहेर पडतो. शिवाय दुसऱ्या टिपणात दुवा देताना ते नाव वाक्यात सहज मिसळून जातं. मात्र वाक्य लिहायला आपलं म्हणणं ठाऊक असावं लागतं, आणि माझ्या निम्म्या टिपणांना म्हणणंच नसतं. त्यांना प्रश्नाचं नाव द्यावं, तर विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह घेत नाही. मराठीत 'का' असतो म्हणून निभावतं. तरी 'माणूस का विसरतो' आणि 'माणूस विसरतो का' ही दोन वेगळी टिपणं आहेत, हे मला एकदा गोंधळ झाल्यावरच कळलं.

लांब वाक्यांचीही सोय नाही. लिनक्स या संगणकप्रणालीवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटची (बाइट म्हणजे संगणकातल्या जागेचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त, सगळ्यांचं वेगळं बिल. 'स्मृतिभ्रंश' हा चार अक्षरांचा शब्द ३३ बाइटचा होतो. त्याच शब्दाने मला आणखी एकदा छळलं. 'स्मृती' शोधलं तर तो सापडेना. सुटा शब्द दीर्घ, समासात ऱ्हस्व. दोन्हीकडे शुद्धलेखन अचूक, म्हणूनच शोध फसला! एकदा तरी चुकलो असतो तर बरं झालं असतं.

शेवटी त्या तीन टिपणांना नावं द्यायला बसलो. पहिल्याचं वाक्य जमलं. दुसरं पहिल्याचीच नक्कल निघालं, पुसून टाकलं. तिसऱ्याला नाव दिलं, 'कशाची तरी दुरुस्ती राहून गेली आहे'. मजकुराशी इतकं तंतोतंत जुळणारं शीर्षक माझ्याकडे दुसरं नाही.