आज काय विशेष?

जरा बरी साडी नेसून ऑफिसात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय विशेष?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, कौतुकच असतं. पण त्या कौतुकाला एक सबळ कारण हवं असतं. वाढदिवस आहे? लग्नाचा वाढदिवस? संध्याकाळी कुठे जायचंय? "काही नाही, सहज" हे उत्तर कुणाच्याच गळी उतरत नाही. "असू दे, सांगायचं नसेल तर राहिलं," असं म्हणून समोरची व्यक्ती थोडी रुसूनच जाते. माझी एक मैत्रीण या चौकशीला कंटाळून हल्ली सरळ थाप मारते. "घरी सत्यनारायण आहे" म्हणते. तिच्याकडे आतापर्यंत इतके सत्यनारायण झालेत की लोक आता शिऱ्याचा हिशेब मागायला लागलेत.

आपल्याकडे नटायला निमित्त लागतं. लग्न, मुंज, बारसं, पाडवा, संक्रांतीचं हळदीकुंकू. कपाटाची मांडणीसुद्धा त्याच हिशेबाने. घरात नेसायच्या खाली, ऑफिसच्या मधे, "कुठे जायला" म्हणून काही बाजूला, आणि सगळ्यांत वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळलेल्या ठेवणीतल्या. या वरच्या कप्प्यातल्या साड्यांचा जन्म वाट बघण्यात जातो. रेशीम एकाच घडीवर पडून राहिलं की त्या रेषेवर विरतं, म्हणून अधूनमधून घडी मोडून उलटी घालायची असते. ते कोण लक्षात ठेवतं? माझ्या मावशीचा शालू असाच गेला. लग्नात नेसली, मुलाच्या मुंजीत नेसली, आणि मुलीच्या लग्नासाठी म्हणून बाहेर काढला तर घडीघडीवर चिरलेला. वापरून फाटला असता तर कुणी हळहळलं नसतं. तो बापडा जपून जपून फाटला.

नवरात्रात मात्र नऊ दिवस सरसकट परवानगी. रोज एक रंग, ही टूम 2000 नंतरच्या काही वर्षांत एका मराठी दैनिकाने काढली आणि ती अशी काही रुजली की आता पुष्कळांना ती थेट पुराणातून आल्यासारखी वाटते. पिवळ्याच्या दिवशी स्टेशनचा जिना पिवळा, बँकेचं काउंटर पिवळं, शाळेतल्या बाई पिवळ्या. मीही त्यात असते आणि मजा येते, उगीच नाक का मुरडा? एकच खटकतं. रंग आपला नसतो, वारानुसार छापून आलेला असतो. करड्याच्या दिवशी निम्म्या बायका मनातून नाराज असतात, तरी करडं शोधून घालतात. नटण्यातलं मला आवडतं ते त्याच्या उलट्या टोकाचं: भाद्रपदातल्या कुठल्याशा मंगळवारी, कुणी सांगितलेलं नसताना, पिवळ्या कुर्त्यावर जांभळी ओढणी घ्यायची आणि लोकलला लोंबकळत कामावर जायचं.

लोकलचा विषय निघालाच आहे तर सांगते. मुंबईच्या लेडीज डब्यात "आज काय विशेष?" कुणी कधी विचारत नाही. सकाळी डोंबिवलीला डब्यात शिरावं तर उभं राहायची मारामार, तरी पुढच्या एखाद्या स्टेशनला कानातल्यांची बाई चढतेच. पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांवर टोचलेले जोड, ते तुकडे मोठ्या हँगरला ओळीने अडकवलेले. हँगर वरच्या दांडीला टांगला की दुकान उघडलं. मग ते पुठ्ठे हातोहात फिरू लागतात. खिडकीतून आवाज येतो, "निळ्यात आहे का हो?" चौथ्या सीटवर टेकलेली बाई एक जोड वर धरून उजेडात बघते, पुढे देते. पैसे आले त्याच हातांनी उलटे जातात, नाहीतर विक्रेतीच्या गळ्यातला क्यूआर कोड माणसांच्या डोक्यांवरून पुढे येतो. इतक्या गर्दीत, इतक्या अनोळखी हातांतून फिरून जोड परत हँगरवर येतात.

आरसा म्हणजे मोबाईलचा कॅमेरा. तो धरायला जागा नसली तर शेजारीण. "बघा हो, मोठं दिसतंय का?" असं मी एकदा एका अगदीच अनोळखी बाईला विचारलं होतं. तिने मान वाकडी करून, पदर सावरून, नीट वेळ घेऊन पाहिलं. म्हणाली, "तुमच्या चेहऱ्याला लांब नको. गोल घ्या." आणि घाटकोपरला उतरून गेली. त्यानंतर मी लांब कानातलं घेतलेलं नाही. घरच्या माणसांनी इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं.

या स्वस्त जोडांचं एक दुखणं असतं. सोन्याच्या कुड्यांना निदान फिरकी असते, यांना मागे रबराचं इवलंसं बूच. ओढणी अडकली, मोबाईल कानाला लावला, गर्दीत कुणाची पर्स घासली की एक गेलं. दुसरं उरतं. ते टाकवत नाही, आणि ठेवून करायचं काय? माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना डबा अशा एकेकट्यांनी भरत आला होता. शेवटी मी त्यांची आपसांत लग्नं लावायला घेतली. एका कानात पितळी मासा, दुसऱ्यात हिरव्या मण्याचं झुंबर. नियम एकच: दोघांत काहीतरी एक जुळलं पाहिजे, रंग तरी, नाहीतर लांबी तरी. काहीच जुळत नसेल तर खरंच घाईत निघाल्यासारखं दिसतं. हा बारीक फरक प्रयोगाने कळतो.

पहिल्याच दिवशी डब्यातल्या एकीने माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, "ताई, कानातली वेगवेगळी घातलीत."

"हो, मुद्दाम."

तिचा चेहरा पडला. चांगुलपणाने सांगायला गेली आणि हे काय ऐकावं लागलं, अशी ती पुढची दोन स्टेशनं माझ्याकडे बघत होती. ऑफिसात तऱ्हा वेगळी. तिथे बायकांनी दहा मिनिटांत हेरलं, आणि एकीने तर दुसऱ्या दिवशी स्वतःचा एक सुटा झुमका आणून दिला, "तुझ्याकडे याला जोडी मिळते का बघ." पुरुषांपैकी कुणी काही बोललं नाही. दुपारच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब माझ्या एका कानाकडे बघत, मग दुसऱ्या, मग समोरच्या कागदांकडे. थोड्या वेळाने त्यांनी पायावर पाय टाकला, पॅण्ट वर सरकली आणि काळ्या चकचकीत बुटांच्या वर मला पिवळी बदकं दिसली. मोज्यांवर. रांगेने पोहणारी. त्यांना कळलं की मला दिसली. दोघंही अर्थसंकल्पाच्या तिसऱ्या पानावर आलो.

पुरुषांची मला खरोखर दया येते. आकाशी, पांढरा, बारीक चौकडा, झालंच तर "वेगळं काहीतरी" म्हणून गर्द निळा. सगळी हौस मोज्यांत कोंबावी लागते. हे पूर्वापार असतं तर गोष्ट निराळी, पण तसं अजिबात नाही. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने 1790 च्या दशकात पुण्यात येऊन काढलेलं सवाई माधवरावांचं चित्र पाहा, अंगावर मोतीच मोती. भिकबाळी ही तर पुरुषाच्याच कानातली. ती मधे पार दिसेनाशी झाली होती, आता गणपतीत ढोलपथकातली मुलं कानाच्या वरच्या भागात ती मिरवतात तेव्हा त्यांच्या आजोबांना ते नवं खूळ वाटतं. खूळ जुनंच आहे, आजोबांच्याच पिढीने त्याला सुट्टी दिली होती.

आणि मराठी बायकांना नटायला कुणी शिकवलं म्हणाल तर तोही एक पुरुषच. बालगंधर्व रंगमंचावर जसं लुगडं नेसत, जसा अंबाडा घालत, त्यावर जसं फूल माळत, तसं मग घराघरांतून होऊ लागलं. 1913 मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचा थाट असा की शालू खरे, अत्तरं खरी, आणि पुढे मंडळीच्या बोकांडी बसलेलं कर्जही खरं. हौसेला मोल नसतं हे मंडळीच्या हिशेबनिसाला मात्र कुणी पटवलं नसावं.

माझ्या शेजारच्या काकूंचं प्रकरण मात्र इतकं हलकंफुलकं नाही. काका गेले तेव्हा काकूंनी न सांगता कुंकू सोडलं. सांगायला लागतच नाही, आजूबाजूचे सगळे गप्प राहूनच सांगतात. टिकली कुठली, बांगड्या किती, गजरा माळायचा की नाही, हे आपल्याकडे बाईने कधी एकटीने ठरवलेलंच नाही. तो तिच्या कपाळावरचा दाखला होता, नवरा आहे की नाही याचा. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका टिकलीसाठी गावाला सभा भरवावी लागते, यावरून तिचं वजन कळावं.

काकूंना ठराव वगैरे कुणी वाचून दाखवला नाही. त्यांनी आधी बारीक काळी टिकली लावली. वर्षभराने मरून. कुणी काही बोललं नाही तशी मग गाऊनच्या रंगाला जुळणारी. आता त्यांच्याकडे टिकल्यांची पाकिटं माझ्यापेक्षा जास्त आहेत आणि मला "ही घे, तुझ्या त्या पोपटी कुर्त्यावर जाईल" म्हणून त्या काढून देतात.

त्यांनीच मला परवा एक पिशवी आणून दिली. ब्लाऊजपीसची. जन्मभरात ओटीत आलेले. ज्यांच्या घरात ओटी भरली जाते त्यांना हा माल ठाऊक असेल: 80 सेंटीमीटरचा टू बाय टूचा तुकडा, कुठल्याच साडीला न जुळणारा. म्हणून तो शिवला जात नाही, पुढच्या ओटीत जातो. काही पीस अशा ओट्या फिरत फिरत पुन्हा मूळ घरी आलेले मी पाहिलेत. "माझी आता कोण भरतंय ओटी," काकू म्हणाल्या, आणि लगेच, "त्यात खाली बघ, जुने खण आहेत. ते तुला आवडतील."

होते खरेच. गुळेदगुड्डचे. हे गाव बागलकोट जिल्ह्यात, इरकली साड्यांच्या इलकलसारखंच. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, म्हणून कापड जरा तिरकं धरलं की रंग पालटतो. जांभळा होता तो क्षणात किरमिजी. बारीक बुट्टी, दोन्ही कडांना काठ. एकेकाळी त्याची फक्त चोळी व्हायची. आता बाजारात खणाच्या पर्सा, डायऱ्या, तोरणं, अगदी टायसुद्धा मिळतात. सगळंच मला रुचतं असं नाही. खणाचं टिश्यूबॉक्स बघून मी एकदा दुकानातून मुकाट बाहेर आले. पण पांढऱ्या सुती शर्टाला खणाचा एक खिसा, एवढाच, काय झकास दिसतो!

तेव्हा मी आणि काकू पिशवी घेऊन टेलरकाकांकडे गेलो. त्यांचं दुकान जिन्याखाली, एका माणसाचं. बिलबुकाच्या प्रत्येक पानाला गिऱ्हाईकाच्या कापडाची चिंधी टाचणीने टोचलेली, त्यामुळे ते बिलबुक एखाद्या गोधडीइतकं फुगलेलं असतं. त्यांनी खण हातात घेतला, अंगठ्याने चोळला.

"ताई, हा खण आहे. याचं ब्लाऊज होतं."

"मला खिसा हवाय. शर्टाला."

"ब्लाऊजचं कापड शर्टाला?" त्यांनी काकूंकडे पाहिलं, वडीलधारं माणूस काही बोलेल या आशेने. काकूंनी मान डोलावली ती माझ्या बाजूने.

मग त्यांनी चष्मा लावला. अडचणी सांगायला सुरुवात झाली म्हणजे काम होणार, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. याचे धागे सुटतात, इंटरलॉक मारावं लागेल. आतून अस्तर हवं, नाहीतर पेन अडकवलं की खिसा लोंबेल. शर्ट पांढरा, जुन्या खणाचा रंग उतरला तर सत्यानाश, तेव्हा आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघा. काठ आडवा येऊ दे की उभा? हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच खण शर्टावर ठेवून आडवा, उभा, पुन्हा आडवा करून पाहिला. उभा ठरला. मग बाकी राहिलेल्या तुकड्याकडे बघत ते जरा थांबले.

"ताई, एवढा उरतोय. कॉलरच्या आतून पट्टी लावू का? बाहेरून दिसणार नाही. कॉलर उलटली तरच."

"लावा की."

"त्याचे वेगळे 50 होतील."

"अहो, कुणाला दिसणारच नाही त्याचे 50?"

"शिवायला तेवढंच लागतं ना, दिसू दे नाहीतर नको."

मी घासाघीस करायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी पिशवीतला दुसरा खण, हिरवा, काउंटरवर ठेवला. "हिचे 40 कर," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या गाऊनला याचा खिसा लाव. मोबाईल मावेल एवढा. काठ आडवा."