सॉलिसिटर ठरवताना स्वस्त कोण ते बघू नका, आधी फोन करा

गेल्या महिन्याभरात तीन जणांचा मला एकच मेसेज आला, "तुमचा सॉलिसिटर कोण होता गं, आणि किती घेतले?" (सॉलिसिटर म्हणजे घराचं कायदेशीर काम बघणारा वकील.) तिघंही इकडे इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतायत, तिघांचीही ऑफर ॲक्सेप्ट झालीये आणि घर विकून देणारा एजंट रोज फोन करून मागे लागलाय की सॉलिसिटरचं नाव कळवा, नाव कळवा. मी नाव दिलंच, पण प्रत्येकाला फोनवर तासभर जे सांगितलं ते एकदा नीट लिहून काढते, कारण आमचं पहिलं घर हातचं गेलं ते यातच. (इंग्लंड मुद्दाम म्हणतेय, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.)

आपल्या डोक्यात घरासाठी वकील म्हणजे काय असतं, तर तो तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून देतो, करारनामा वाचतो, आणि मग आपण स्वतः रजिस्ट्रार ऑफिसला जातो, फोटो काढतो, अंगठा देतो, इंडेक्स टू घेऊन घरी येतो. इथे तसं काहीच नाही. कुठल्या ऑफिसात जायचं नाही, विकणाऱ्याशी बोलायचं नाही, सगळं तुमचा सॉलिसिटर आणि समोरच्याचा सॉलिसिटर यांच्यात चालतं. टायटल (मालकीची नोंद) तोच तपासणार, काउन्सिलचा सर्च, पाणी-ड्रेनेजचा सर्च, एन्व्हायर्न्मेंटल सर्च तोच मागवणार, आणि मुख्य म्हणजे पैसे, तुमचं डिपॉझिट आणि बँकेचं लोन दोन्ही त्याच्या क्लायंट अकाउंटमधून (ग्राहकांच्या पैशांचं वेगळं खातं) पुढे जाणार. कम्प्लिशन (उरलेले पैसे देऊन घर ताब्यात येणं) झाल्यावर 14 दिवसांत स्टँप ड्युटीचा रिटर्न तोच भरणार आणि लँड रजिस्ट्रीत नाव तोच चढवणार. आयुष्यभराची शिल्लक ज्याच्या खात्यावर टाकायची त्या माणसाची निवड बहुतेक जण एजंटने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करून करतात. आम्हीही तेच केलं.

एजंट म्हणाला, आमच्या ओळखीची फर्म आहे, काम पटापट होतं. एजंटला तशी सक्ती करता येत नाही आणि अशा शिफारशीमागे पुष्कळदा रेफरल फी (ग्राहक पाठवल्याचं कमिशन) असते, हे तेव्हा माहीत नव्हतं. (फर्मने ती तुम्हाला सांगायलाच हवी असा नियम आहे, पण ते पत्रात पान नऊवर कुठेतरी असतं.) लॉगिन मिळालं, पोर्टल मिळालं, माणूस मात्र मिळाला नाही. दोन महिन्यांत फाइल तीन जणांकडे फिरली आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून तेच विचारायचा.

डिपॉझिटचा काही भाग माझ्या बाबांनी दिला होता, हे आम्ही पहिल्याच फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं. दोन महिने त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही आणि एक्सचेंजच्या (करार पक्का होण्याच्या) आठवड्यात मेल आला की हे पैसे मुळात आले कुठून याचे कागद पाठवा. बाबांची एफडी तालुक्याच्या पतसंस्थेत, पावती मराठीत, पासबुकावरची प्रिंट इतकी पुसट की आकडे उजेडाला धरून वाचावे लागतात, त्यावर नाव आद्याक्षरांनी आणि पासपोर्टवर पूर्ण. मग सर्टिफाइड भाषांतर करा, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं पत्र आणा. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा एप्रिलच्या उन्हात दोन वेळा पतसंस्थेत जाऊन सही-शिक्क्याचं पत्र घेऊन आले. साडेतीन आठवडे गेले त्यात. इथे कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज होईपर्यंत कोणीच कोणाला बांधील नसतं, त्यामुळे विकणाऱ्याने तोपर्यंत दुसऱ्या जास्त पैसे देणाऱ्याला हो म्हटलं. सर्व्हेचे आणि सर्चचे पैसे गेले ते गेलेच. पैशांबद्दल विचारणं चूक नव्हतं, मनी लाँडरिंगच्या कायद्याने त्यांना ते विचारावंच लागतं, पण पहिल्या आठवड्यात विचारायचा प्रश्न नवव्या आठवड्यात विचारला यात आमचं घर गेलं. मला आजही त्याचा राग येतो, घरापेक्षा बाबांच्या त्या दोन फेऱ्यांसाठी जास्त.

दुसरं घर मिळालं तेव्हा मी ठरवलं की ज्याच्याशी बोलणं झालं नाही त्याला काम द्यायचं नाही. एका सकाळी पाच ठिकाणी फोन केले. दोघांनी सांगितलं वेबसाइटवर फॉर्म भरा. एकाने मी घराची किंमत सांगताक्षणी आकडा सांगून टाकला, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचं) की फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) एवढंही विचारलं नाही. एकीने परत फोन करते म्हटलं आणि केला नाही. पाचवी फर्म अगदी छोटी, दुकानांच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस, फोन त्या बाईंनीच उचलला आणि फीबद्दल बोलायच्या आधी मलाच दहा मिनिटं प्रश्न विचारले.

त्यातला एक प्रश्न असा, की तुम्हा दोघांपैकी कोणाच्या नावावर जगात कुठेही घर आहे का? मी म्हटलं नाही हो, आम्ही फर्स्ट टाइम बायर आहोत. त्या म्हणाल्या, भारतात? वारसाहक्काने आलेलं, भावंडांत वाटून आलेलं, छोटासा हिस्सा? फोन स्पीकरवर होता. समोर बसलेल्या नवऱ्याने मान वर केली. सासरे गेल्यावर गावच्या घराच्या उताऱ्यावर तिन्ही भावांची नावं लागली होती. वर्षातून एकदा जत्रेला जातो त्या घराला "आपली प्रॉपर्टी" असं त्याने कधी मनातसुद्धा म्हटलं नसेल.

तर हे प्रत्येक मराठी माणसाने इथे लक्षात ठेवायला हवं. फर्स्ट टाइम बायरची स्टँप ड्युटीची सवलत त्यालाच मिळते ज्याच्या मालकीचं जगात कुठेही कधीही राहतं घर नव्हतं, वारसाहक्काचा हिस्साही त्यात धरतात आणि दोघं मिळून घेत असाल तर दोघंही तसेच लागतात. आमचं घर 3,40,000 पौंडांचं. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दराने फर्स्ट टाइम बायरला 3,00,000 पर्यंत शून्य आणि पुढच्या 40,000 वर 5 टक्के, म्हणजे 2,000 पौंड. सवलत नाही म्हटल्यावर 1,25,000 पर्यंत शून्य, 2,50,000 पर्यंत 2 टक्के, पुढे 5 टक्के, एकूण 7,000. आणि त्याहून भीतीदायक म्हणजे दुसऱ्या घरावरचा सरचार्ज, तो 31 ऑक्टोबर 2024 पासून पूर्ण किमतीवर 5 टक्के आहे, आमच्या बाबतीत आणखी 17,000 झाले असते. तो कुठलंही घर असलं की सरसकट लागत नाही, आधीपासून असलेल्या घरात तुमच्या हिश्श्याची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असावी लागते. गावच्या घराचा तिसरा हिस्सा त्याच्या जवळपासही नव्हता. पण पुण्यात किंवा ठाण्यात आईवडिलांनी फ्लॅटवर तुमचं नाव घालून ठेवलं असेल तर तुमचं गणित वेगळं येईल, ते आजच सॉलिसिटरला सांगा. लपवलं आणि नंतर उघड झालं तर कर, व्याज, दंड सगळं तुमच्याच अंगावर येतं, रिटर्न सॉलिसिटरने भरलेला असला तरी.

पहिल्या फर्मने हा प्रश्न विचारलाच नव्हता. फॉर्मवर "फर्स्ट टाइम बायर" अशी चौकट होती, आम्ही टिक केली, संपलं. ते घर झालं असतं तर आम्ही नकळत खोटा रिटर्न भरून बसलो असतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या फोननंतर मी बाकी कोणाचं कोट मागवलंच नाही. तरी काही गोष्टी विचारून घेतल्या आणि तुम्हीही घ्या. फाइल नक्की कोण बघणार, तुम्ही स्वतः की दुसरं कोणी, आणि तुम्ही सुट्टीवर गेलात तर कोण? माझ्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहात का? (नसतील तर बँक स्वतःचा वेगळा सॉलिसिटर नेमू शकते आणि तो खर्च तुमच्या माथी येतो.) आत्ता हातात किती फाइल्स आहेत? हा प्रश्न विचारताना मला अवघडल्यासारखं झालं होतं पण त्यांनी सरळ आकडा सांगितला आणि मेलला दोन दिवसांत उत्तर मिळेल म्हणाल्या, तसं मिळालंही. सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या रजिस्टरवर नाव बघा, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घराच्या व्यवहारांचा परवानाधारक) असेल तर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या. घराच्या कामासाठी दोन्ही चालतात, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर म्हणजे कमअस्सल असं अजिबात नाही.

फीचं थोडक्यात. सॉलिसिटर फर्म्सना डिसेंबर 2018 पासून घराच्या कामाचे दर वेबसाइटवर द्यावेच लागतात, त्यामुळे बघणं सोपं आहे, पण मोठ्या अक्षरातला आकडा बघून खूश होऊ नका. लीजहोल्डचे वेगळे, मॉर्गेजचे वेगळे, गिफ्ट डिपॉझिटचे वेगळे, प्रत्येकाच्या आयडी चेकचे, पैसे ट्रान्सफरचे, वर व्हॅट. सगळं धरून एकच आकडा लेखी मागा. आमच्या बाई पहिल्या फर्मपेक्षा 400 पौंड महाग होत्या आणि ते 400 पौंड एका कागदातच वसूल झाले.

तो कागद म्हणजे टायटल प्लॅन. लँड रजिस्ट्रीचा नकाशा असतो, त्यावर तुमच्या जागेभोवती लाल रेघ. बाईंनी तो पाठवला आणि लिहिलं की प्रिंट काढा, घरावर जा, आणि एजंटने जे जे "तुमचं" म्हणून दाखवलं ते पेनाने खूण करून मला परत पाठवा. आम्ही शनिवारी गेलो, पाऊस होता, छत्रीखाली नवरा कागद धरून उभा आणि मी पावलं मोजतेय. घर आत, पुढची बाग आत, मागची बाग आत, आणि मागच्या कुंपणापाशी रेघ वळली. गाडी लावायची जागा, जिचा जाहिरातीत मोठा फोटो होता, ती रेघेच्या बाहेर. आम्ही कागदावर फुली मारून पाठवली. त्या जागेचं टायटल वेगळ्या नंबरचं निघालं, मालक तोच, पण समोरच्या सॉलिसिटरने कॉन्ट्रॅक्टमध्ये घेतलंच नव्हतं. अकरा दिवस पत्रापत्री झाली आणि दोन्ही टायटल कॉन्ट्रॅक्टमध्ये आली. नाहीतर घर आमचं आणि पार्किंग त्याच माणसाच्या नावावर, असं झालं असतं.

आणखी एक, हे खूप महत्त्वाचं आहे. त्यांच्या पहिल्याच पत्रात ठळक लिहिलं होतं की आमचा बँक अकाउंट नंबर मध्येच बदलणार नाही, बदलल्याचा मेल आला तर पैसे पाठवू नका, फोन करा, आणि तो फोनही मेलमधल्या नंबरवर न करता या पत्रातल्या नंबरवर करा. मेल हॅक करून खोटा अकाउंट नंबर पाठवणारे लोक नेमके डिपॉझिटच्या दिवसांवर टपलेले असतात. आम्ही आधी एक पौंड पाठवला, फोन करून तो पोचल्याचं विचारलं, मगच 34,000 पाठवले, एक्सचेंजचे 10 टक्के.

बाबांच्या पैशांचे कागद या वेळी त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागितले. भाषांतर तयारच होतं. बाबांनी फक्त गिफ्टच्या पत्रावर सही केली, की हे पैसे परत मागणार नाही आणि घरात माझा हिस्सा नाही, आणि हे त्यांना लिहून द्यावं लागतंय याचं मलाच वाईट वाटलं, ते मात्र म्हणाले की व्यवहार आहे बाळा, लिहिलेलं बरं.

कम्प्लिशन बुधवारी ठेवलं, शुक्रवार बाईंनी टाळला कारण बँकेत पैसे अडकले तर शनिवार-रविवार सामान ट्रकमध्ये. दुपारी पाऊण वाजता त्यांचा फोन आला, किल्ल्या घ्या. गेल्या आठवड्यात लँड रजिस्ट्रीचे कागद आले, दोन टायटल नंबर, दोन्हीवर आमची दोघांची नावं. मी पीडीएफ बाबांना पाठवली. त्यांनी चौकातून प्रिंट काढून आणली आणि पतसंस्थेच्या त्या पत्राची झेरॉक्स ज्या फाइलमध्ये आहे तिच्यातच लावून ठेवली.