एक मेंढी, शून्य सेकंदाचा डिले आणि माझा चुकलेला निकाल

परवा एकाने मेसेज करून विचारलं, की तुमच्या टुर्नामेंटमध्ये स्ट्रीम करायचं तर पाच मिनिटांचा डिले, म्हणजे प्रेक्षकांना खेळ पाच मिनिटं उशिरा दिसणं, कशाला, माझी स्ट्रीम बघणारे जेमतेम आठ जण, त्यातले दोन माझेच मित्र. त्याला उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच लिहून टाकू, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी काय झालं ते सांगते. आम्ही चार-पाच जण मिळून एज ऑफ एम्पायर्स २ या लढाईच्या स्ट्रॅटेजी गेमच्या छोट्या ऑनलाइन टुर्नामेंट चालवतो. बक्षीस नावापुरतं, पण लोक खेळतात मात्र जीव तोडून. मागच्या सीझनच्या एका सेमीफायनलमध्ये दोघांपैकी एक जण स्ट्रीम करत होता, आणि डिले शून्य, कारण तेव्हा आमच्या नियमांत डिलेचा ‘ड’ सुद्धा नव्हता. एकोणिसाव्या मिनिटाला हा स्ट्रीमवर मोठ्याने म्हणतो, "आता नाईट्स घेऊन डावीकडून घुसतो, त्याचं लक्षच नाहीये तिकडे." आणि वीसेक सेकंदांत समोरच्याने सगळे भालेवाले उचलले, बरोब्बर डावीकडच्या लाकूडतोड्यांपाशी नेऊन उभे केले आणि वर लाकडी कुंपणही घालायला घेतलं. नाईट्स, म्हणजे घोडेस्वार, आले, अडकले, मेले. गेम तिथेच फिरला.

मॅच संपायच्या आत तक्रार हजर. स्नायपिंग झालंय, म्हणजे समोरच्याची स्ट्रीम चोरून बघून खेळलाय, ही बघा क्लिप. क्लिप बघून कुणालाही जे वाटलं असतं तेच मला वाटलं, तोंडातून वाक्य बाहेर पडतंय आणि तिकडे भालेवाले हलतायत, अजून काय पुरावा पाहिजे, म्हणून रात्री साडेबाराला मी निकाल फिरवून टाकला. समोरचा मुलगा एवढंच म्हणाला, "ताई, मी स्ट्रीम उघडलीच नव्हती." आणि मी मनात म्हटलं, हो, सगळे हेच म्हणतात.

दोन दिवसांनी आमच्यातल्याच दुसऱ्या अ‍ॅडमिनने तो रिप्ले त्या मुलाच्या बाजूने लावला, म्हणजे त्याला मॅचमध्ये जेवढं दिसत होतं तेवढंच दिसेल असा, फॉगसकट (आपलं कुणी जवळ नसलं की नकाशाचा तो भाग झाकणारं धुकं). मी हे आधीच करायला पाहिजे होतं, पण क्लिप इतकी चोख होती ना, की सुचलंच नाही. त्यात दिसलं काय, तर सातव्या मिनिटाला त्याने एक मेंढी कापून न खाता मुद्दाम डावीकडच्या वाटेवर नेऊन उभी केलीये. ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते, मेंढीजवळ तुमचं कुणी नसलं आणि शत्रूचं कुणी आलं की ती मेंढी शत्रूची होते. म्हणजे नाईट्स त्या वाटेने गेले, मेंढीचा रंग बदलला, मिनिमॅपवरचा त्याचा ठिपका गेला आणि त्याला कळलं की पाहुणे आले. दाराला लावलेली घंटाच ती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

निकाल परत फिरवला, सगळ्यांसमोर माफी मागितली, तो फायनल खेळला आणि हरला. पण तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय, आणि डिलेबद्दल माझं मतच बदललं. तोपर्यंत मला वाटायचं डिले स्ट्रीमरच्या सोयीसाठी असतो, त्याला स्वतःचा प्लॅन उघडा करायचा असेल तर करू दे की, नुकसान त्याचं. आता वाटतं उलट आहे. शून्य डिलेवर स्ट्रीम चालू असली की समोरच्याने केलेली प्रत्येक चांगली चाल संशयास्पद होते, आणि संशयाला औषध नसतं. त्याने डोकं लावून मेंढी ठेवली आणि मी त्याला चोर ठरवलं. पाच मिनिटांचा डिले असता तर ती तक्रार उभीच राहिली नसती, नाईट्स मेले तेव्हा स्ट्रीमवर अजून चौदावं मिनिट चालू असतं.

या गेममध्ये फॉग म्हणजे काय ते जरा बघा. १९९७ साली पहिला एज ऑफ एम्पायर्स आला तो २८.८ च्या मोडेमवर चालायला हवा होता, हजारो सैनिकांची जागा त्या बारीक नळीतून पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रत्येक कंप्युटर फक्त हुकूम पाठवायचा, हा इकडे गेला, त्याने हे बांधलं, आणि सगळे कंप्युटर आपापल्या जागी अख्खा गेम सारखाच चालवायचे. स्टारक्राफ्टसारख्या बऱ्याच स्ट्रॅटेजी गेमचा पाया हाच. याचा अर्थ समोरच्याची फौज कुठे आहे हे तुमच्या मशीनला आधीपासूनच माहिती असतं, फॉग हा फक्त स्क्रीनवर ओढलेला पडदा. मॅप हॅक तो पडदा बाजूला करतं, बस. म्हणूनच ते पकडणं अवघड जातं. डोटा २ या गेममध्ये तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२३ ला एक भारी गोष्ट केली, सरळ खेळणाऱ्याचा गेम कधीच वाचणार नाही असा डेटाचा तुकडा एका पॅचमधून टाकला, फक्त चीट वापरणारेच तो वाचणार, आणि वाचला की अकाउंट गेलं. चाळीस हजारांवर अकाउंट एका झटक्यात बॅन. सापळा लावावा तर असा.

आणि आपण काय करतो, तर तोच पडदा स्वतःच्या हाताने उचलून सगळ्या जगाला दाखवतो आणि वर म्हणतो बघू नका हं. कुणी बघितलं तर दोषी तोच, यात वादच नाही. आमच्या नियमात स्नायपिंगला थेट बाद आहे. पण माणसाच्या मानेचा भरवसा देता येत नाही. २०१२ च्या लीग ऑफ लेजंड्स वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये प्रेक्षकांसाठी मोठा स्क्रीन लावला होता आणि खेळाडू स्टेजवर बसून मान वळवली की तो बघू शकत होते. अझुबू फ्रॉस्टच्या एका खेळाडूने मान वळवली, टीमला ३०,००० डॉलर दंड झाला, निकाल मात्र कायम राहिला. मला तर यात खेळाडूपेक्षा स्क्रीन तिथे लावणाऱ्याचं जास्त नवल वाटतं.

बुद्धिबळवाले म्हणतील आमच्याकडे पटावर लपवायला आहेच काय. पट उघडा असतो हे खरं, पण तुमच्या डोक्यात काय चाललंय ते उघडं नसतं, आणि स्ट्रीमर नेमकं तेच मोठ्याने बोलत असतो, "हा घोडा इथे आला तर माझी वाट लागेल". शिवाय तिथे बाहेरून मदत यायला एक खेळी पुरते, फोनवरचं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर आज जगज्जेत्यापेक्षा भारी खेळतं. २०२२ च्या सिंकफील्ड कपमध्ये संशयाचा गदारोळ झाल्यावर समोरासमोर बसून खेळायच्या स्पर्धेचं प्रक्षेपणसुद्धा १५ मिनिटं उशिरा दाखवायला लागले. तिकडे कॅमेरे, तपासणी सगळं असून ही वेळ, मग आपली काय कथा.

आता डिले किती, यावर आमच्यात भरपूर भांडणं झाली. बुद्धिबळाचा ३+० चा ब्लिट्झ डाव, म्हणजे प्रत्येकाला फक्त तीन मिनिटं, जास्तीत जास्त सहा मिनिटांत संपतो, तिथे सहा मिनिटांचा डिले लावला की धोका शून्य, पण चॅटवरच्या गप्पाही मेल्या, "काय खेळलास!" असं कुणी लिहीपर्यंत तुम्ही पुढच्या डावात. म्हणून रोजच्या लॅडरवर, म्हणजे रेटिंगसाठी ऑनलाइन खेळायच्या मॅचमध्ये, डिले नको लावू, रेटिंग गेलं तर गेलं, हे माझं मत आहे आणि काही जणांना ते पटत नाही. आमच्या गेममध्ये मॅच अर्धा-पाऊण तास चालते, तिथे पाच मिनिटं जुनी फौज कुठे होती हे कळून कुणाला काही उपयोग नाही, पण पाच मिनिटांपूर्वी चोरून बांधलेला किल्ला अजून तिथेच असतो! त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे पूर्ण संरक्षण नाही, तडजोड आहे. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्ट्रीम डिले आहे, तिथे ३०० सेकंद टाका, झालं. थोडी मेमरी खातं, ते तिथेच लिहून येतं. आणि गेमच्या लॉबीत, म्हणजे मॅच जमवायच्या स्क्रीनवर, गेममधूनच मॅच बघणाऱ्यांसाठीचा स्पेक्टेटर डिले वेगळा असतो तोही लावा, लोक स्ट्रीमचा लावतात आणि हा विसरतात.

खरा त्रास स्नायपरपेक्षा प्रेमळ प्रेक्षकांचा. स्नायपर लपून बघतो, हे उघडपणे मदत करतात आणि वर वाटतं की काय बिघडलं. "अरे तुझे दोन गावकरी रिकामे उभे आहेत." दिसतंय ना त्याच्याच स्क्रीनवर, मग? मीही आधी असंच म्हणायचे. पण आठ जोड्या डोळे त्याच्या बाजूने आणि समोरच्याकडे एकच जोडी, हा हिशोब बरोबर नाही. एकदा लॅडरवर खेळताना मैत्रीण कॉलवर होती, ती बघता बघता सहज म्हणाली, "घरं बांध गं, लोकसंख्या भरली", आणि मी बांधली. जिंकले. जिंकल्यावर दहा मिनिटं काहीतरी टोचत राहिलं. तेव्हापासून मॅच चालू असताना कॉल बंद आणि चॅटची खिडकी झाकलेली, आणि टुर्नामेंटमध्येही नियम तोच, चालू मॅचबद्दल चॅटमध्ये कुणी काही सांगितलं तर मॉडने (चॅट सांभाळणाऱ्याने) उडवायचं, खेळाडूने ते वाचून दाखवायचं नाही. डिले असला की हा प्रश्नही आपोआप बराचसा सुटतो म्हणा, पाच मिनिटांनी आलेला सल्ला घेऊन करणार काय.

तक्रारीचंही आता बदललंय. रिप्ले आणि मिनिट दिल्याशिवाय तक्रार घेत नाही, नुसती क्लिप चालत नाही, दोन अ‍ॅडमिननी वेगवेगळं बघितल्याशिवाय निकाल नाही, आणि निकाल लागेपर्यंत कुणाचं नाव कुठेही टाकायचं नाही. यामुळे तक्रारी निम्म्यावर आल्या असाव्यात, बऱ्याचशा नाचता येईना अंगण वाकडं याच जातीच्या होत्या. रिप्ले स्वतः परत बघायला लागला की माणूस आपणहूनच गप्प बसतो.

तर भाऊ, आठ जण बघोत की आठशे, ३०० टाक. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही, समोर जो बसलाय त्याच्यासाठी. तो मेंढीवाला मुलगा, त्याने या सीझनला अजून नाव दिलेलं नाही. फॉर्म रविवार रात्रीपर्यंत उघडा आहे, मी दर थोड्या वेळाने जाऊन बघते.