ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये आजी आणि नातवंडांसह दोन दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण कॅलिफोर्नियातील ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला जाऊन आलो. मी, माझे यजमान, ९ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीमुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सलग उभे राहणे न जमणाऱ्या ७१ वर्षांच्या सासूबाई असा आमचा कबिला होता. जाण्यापूर्वी यजमानांशी बरीच चर्चा झाली. डिस्नेलँड आणि डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर अशी समोरासमोर दोन उद्याने असल्यामुळे एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे असा बेत सर्वांनाच सुचतो, पण आम्ही दोन्ही दिवस १९५५ साली सुरू झालेल्या मूळ डिस्नेलँडलाच दिले, आणि दिवसाचा वेग सासूबाईंच्या गुडघ्याने आणि मुलीच्या झोपेने ठरवायचा असे पक्के केले. पुढचे सगळे निर्णय यातूनच निघाले. आजी, आजोबा आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना ते उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तिकिटाचा दर तारखेनुसार बदलतो. सुट्ट्यांचे आणि शनिवार-रविवारचे दर चढे असतात, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट स्वस्त पडते आणि गर्दीही तुलनेने कमी असते. ३ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, ३ ते ९ वर्षांपर्यंत मुलांचे तिकीट आणि १० व्या वर्षापासून मोठ्यांचे तिकीट घ्यावे लागते. ज्यांच्या मुलांचा दहावा वाढदिवस तोंडावर आला आहे, त्यांनी तारखा ठरवताना हे लक्षात घ्यावे.

तिकिटापेक्षाही महत्त्वाची तयारी मोजपट्टीची आहे, असे माझे मत झाले आहे. वेगवान राइड्सना उंचीची अट असते आणि ती अट वयाकडे पाहत नाही. बिग थंडर माउंटन आणि स्पेस माउंटनसाठी किमान १०२ सेंटिमीटर, मॅटरहॉर्नसाठी १०७ आणि इंडियाना जोन्ससाठी ११७ सेंटिमीटर उंची लागते. आमची मुलगी ९५ सेंटिमीटर भरली. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही तिला भिंतीशी उभे करून मापले, कोणत्या राइडमध्ये दादा जाईल आणि ती का जाणार नाही हे समजावून सांगितले, आणि त्या वेळात ती स्वतः काय करेल हेही तिच्याकडूनच ठरवून घेतले. थोडे रडू आले, पण ते खोलीत आले आणि तिथेच संपले. पाऊण तास रांगेत उभे राहून दाराशी पोहोचल्यावर परत पाठवलेली दोन मुले मी त्या दोन दिवसांत पाहिली, आणि त्यांचे चेहरे पाहून फार वाईट वाटले.

उद्यान सहसा सकाळी ८ वाजता उघडते. आम्ही पायी दहा मिनिटांच्या अंतरावरच्या हॉटेलात उतरलो होतो, तरीही सुरक्षा तपासणीची रांग गृहीत धरून सव्वासातलाच तिथे पोहोचलो. पहिल्या दोन तासांत आमचे जेवढे पाहून झाले, तेवढे नंतरच्या कोणत्याही दोन तासांत झाले नाही. म्हणून सकाळी लवकर उठण्याचा मुलांचा कंटाळा समजुतीने दूर करावा, न्याहारी खोलीवर किंवा रांगेत उरकावी आणि आत शिरताच मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत न रेंगाळता थेट आपल्या पहिल्या राइडकडे चालू लागावे. दुकाने रात्रीही उघडी असतात.

पहिली राइड कोणती निवडावी, हा प्रश्न बराच विचार करण्याजोगा आहे. आपण रांगेची लांबी पाहून प्रतीक्षेचा अंदाज बांधतो, परंतु खरी प्रतीक्षा त्या राइडमधून तासाला किती माणसे पुढे जातात यावर अवलंबून असते. पीटर पॅन्स फ्लाइट ही १९५५ पासूनची जुनी, लहानशी राइड आहे. तिच्या एका होडीत दोन-तीन माणसेच बसतात, त्यामुळे तिथली आखूड रांगही तासभर हलत नाही असे वाटू शकते. याउलट, १९६७ साली सुरू झालेल्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या नावेत वीसेक माणसे मावतात आणि एकामागून एक नावा येतच राहतात, त्यामुळे तिथली इमारतीबाहेर आलेली रांगही बघता बघता आत सरकते. इट्स अ स्मॉल वर्ल्ड या बाहुल्यांच्या राइडचेही तसेच आहे. ही राइड मुळात १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली आणि १९६६ मध्ये इथे आली. प्रदर्शनातील प्रचंड गर्दी सतत पुढे सरकती ठेवता यावी अशीच नावांची रचना तिच्यात आहे. हे उमगल्यावर आम्ही क्रम बदलला. मुलीला प्रिय असलेली, कमी माणसे घेणारी पीटर पॅन आणि डंबो या सकाळी सर्वांत आधी उरकल्या, आणि नावांच्या राइड्स ऊन चढल्यावरच्या वेळेसाठी राखून ठेवल्या. पायरेट्सच्या नावेत पंधरा मिनिटे अंधारात आणि गारव्यात बसायला मिळते. मात्र दोन ठिकाणी नाव उतारावरून खाली घसरते, हे लहान मुलांना आधीच सांगून ठेवावे.

रांग टाळण्यासाठी लायटनिंग लेनचा पास वेगळे पैसे भरून घेता येतो. उद्यानात शिरल्यावर डिस्नेलँडच्या ॲपवर एका राइडची वेळ घ्यायची, आणि तिथे पास दाखवून आत गेल्यावर, किंवा दोन तास उलटल्यावर, पुढची वेळ घ्यायची अशी ती पद्धत आहे. आम्ही तो एकाच दिवशी, आणि फक्त यजमान व मुलगा यांच्यासाठी घेतला. पीटर पॅन या पासात येत नाही, आणि मुलीच्या उंचीला चालणाऱ्या बऱ्याच राइड्स सकाळी त्याच्याविनाही पटकन होतात, म्हणून पाचही जणांसाठी तो घेणे मला अनावश्यक वाटले. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि मुले मोठी आहेत, त्यांनी मात्र तो जरूर घ्यावा.

याहून उपयोगी आणि विनामूल्य अशी एक सोय अनेकांना ठाऊक नसते, ती म्हणजे रायडर स्विच. लहान मूल राइडमध्ये बसू शकत नसेल, तर दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तसे सांगावे. आई किंवा वडील यांपैकी एक जण रांगेतून जाऊन येईपर्यंत दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचे, आणि नंतर त्या दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात. बिग थंडरला यजमान मुलासोबत आधी गेले आणि मी नंतर गेले. अन्यथा मी नेहमीप्रमाणे पिशव्या सांभाळत बाकावर बसले असते.

बाबागाडीविषयी मी आग्रहाने सांगेन. मुलगी घरी बाबागाडीत बसत नाही, म्हणून न्यावी की नाही या विचारात मी होते, पण चार वर्षांच्या मुलाचे पाय एवढ्या चालण्याला पुरत नाहीत. ७९ सेंटिमीटर रुंद आणि १३२ सेंटिमीटर लांब या मापाच्या आतील बाबागाडी आत नेता येते, आणि प्रवेशद्वाराजवळ भाड्यानेही मिळते. राइडबाहेर ठेवलेल्या गाड्या कर्मचारी रांग लावण्यासाठी हलवतात, त्यामुळे परत आल्यावर आपली गाडी जागेवर नसते. आम्ही दांड्याला पिवळी ओढणी बांधली होती, ती लांबूनही दिसे.

बाहेरचे खाणे आत नेण्यास परवानगी आहे, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. खाद्यपदार्थांच्या खिडक्यांवर मागितल्यास पेलाभर बर्फाचे पाणी विनामूल्य मिळते. जेवणाची ऑर्डर ॲपवरून तासभर आधीच देऊन ठेवावी.

दुपारी साडेबाराला आम्ही दोन्ही दिवस बाहेर पडलो, हॉटेलवर जाऊन झोपलो आणि साडेचारला परत आलो. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येते. एवढे महागडे तिकीट काढून चार तास खोलीत घालवणे यजमानांना पहिल्या दिवशी जड गेले होते. पण आम्ही ताजेतवाने परतलो तेव्हा वाटेत भेटलेली मुले रडत होती, त्यांचे पालक एकमेकांवर चिडलेले होते, आणि ऊन उतरणीला लागले होते. दुसऱ्या दिवशी बारा वाजताच यजमानांनी स्वतःहून घड्याळ दाखवले.

पहिल्या संध्याकाळी परेडपूर्वीच्या गर्दीत मुलीचा हात माझ्या हातातून सुटला. ती चार मिनिटे मला आयुष्यभर आठवतील. सुदैवाने सकाळीच आम्ही तिला नावाची लंबगोल पट्टी छातीवर लावलेले कर्मचारी ओळखायला शिकवले होते, आणि तिच्या मनगटावरच्या पट्टीवर माझा फोन क्रमांक लिहिला होता. ती अशाच एका कर्मचारी मुलीजवळ जाऊन उभी राहिली आणि त्या कर्मचारी मुलीने मला फोन केला. हरवलेल्या मुलांना मेन स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या केंद्रात नेतात, तेव्हा ती जागा आत शिरतानाच मुलांना आणि आजी-आजोबांना दाखवून ठेवावी. भेटण्याची जागा म्हणून उद्यानाच्या मधला किल्ला मुळीच ठरवू नये, कारण प्रत्येक कुटुंब तिथेच भेटायचे ठरवते. आम्ही दुसऱ्या दिवशी एक ठरावीक बाक निवडला आणि मुलाने त्याचा फोटो सर्वांच्या फोनवर पाठवला.

सासूबाईंना उद्यानाभोवती फिरणारी आगगाडी सर्वांत आवडली. तिची चार स्थानके आहेत आणि पूर्ण फेरीला सुमारे वीस मिनिटे लागतात, त्यामुळे चालण्याचे कष्ट वाचवून पलीकडच्या भागात पोहोचायलाही ती उपयोगी पडते. मार्क ट्वेन या जहाजावरही त्या निवांत बसून राहिल्या. हॉन्टेड मॅन्शन या भुतांच्या वाड्याच्या राइडमध्ये मात्र सरकत्या पट्ट्यावरून चालत्या आसनात बसावे लागते. आम्ही कर्मचाऱ्यांना गुडघ्याचे सांगताच त्यांनी पट्टा मंद केला. संकोच न करता हे आधीच सांगावे.

समुद्रावरून येणाऱ्या ढगांमुळे जूनमधल्या सकाळी आभाळ भरलेले असते, दुपारी ऊन चटके देते आणि रात्री गार वारा सुटतो. म्हणून प्रत्येकाचा एक स्वेटर बाबागाडीच्या खालच्या कप्प्यात हवाच. दिवसभर ॲप पाहून फोन उतरतो, त्यासाठी पॉवर बँकही सोबत असू द्यावी.

दुसऱ्या रात्री आतषबाजी होती. लहानग्यांना आवाजाची भीती वाटत असेल, तर किल्ल्यापासून दूर उभे राहावे. आम्ही स्मॉल वर्ल्डच्या बाजूला थांबलो होतो. आतषबाजी संपताच हजारो माणसे एकाच वेळी मेन स्ट्रीटने बाहेर पडू लागली, आणि आम्ही ठरवल्याप्रमाणे बाकावरून उठलोच नाही. मुलगी गाडीत झोपली होती. सासूबाई शेजारच्या दिव्यांकडे पाहत म्हणाल्या, "अगं, त्या बाहुल्यांच्या नावेत पुन्हा एकदा बसता येईल का?" मी उठून पाहून आले. दुपारी चाळीस मिनिटांची असलेली रांग आता पाच मिनिटांवर आली होती.