तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या देणगीचं पुढे होतं काय?

रुग्णालयाच्या देणगी विभागात मी बसते. पावती हातात घेता घेता निम्मे लोक एकच प्रश्न विचारतात, "या पैशांचं तुम्ही नेमकं करता काय?" विचारताना बऱ्याच जणांना अवघडल्यासारखं होतं. तसं वाटून घेऊ नका. पैसा तुमच्या कष्टाचा आहे, विचारायचा हक्क तुमचाच. मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत सांगते खरी, पण ते अपुरं राहतं. म्हणून आज सविस्तर.

उपचारांच्या बिलांतून आणि अनुदानातून जे येतं, ते पगार, औषधं, वीज, चादरींची धुलाई यांतच संपतं. महिन्याचा गाडा त्यावर चालतो, पण मोठी खरेदी आली की हात आखडतो. सोनोग्राफीचं मशीन, नवजात बाळांचे वॉर्मर, ऑपरेशन थिएटरमधले मॉनिटर आमच्याकडे बहुतेक देणगीतून आले. पावतीवर कारण लिहिलं असेल तर पैसा त्याच कारणाला लागतो. तो दुसरीकडे वळवता येत नाही, वळवूही नये.

पण मशीन आलं म्हणजे काम झालं असं नाही, हे मला एका निळ्या दिव्याने शिकवलं.

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. ज्यांची वाढत जाते त्यांना निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. या उपचाराची सुरुवात 1950च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात झाली. जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग उन्हाने फिकं झालेलं आणि झाकलेला भाग मात्र पिवळाच राहिलेला तिथे दिसला. 1958 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दिव्याखालच्या उपचारांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका सिस्टरच्या नजरेतून केवढं काम उभं राहिलं!

आमच्याकडे असाच एक दिवा देणगीतून आलेला. एकदा एका बाळाचं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, काही केल्या उतरेना. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं बाळ दिव्याखाली, शेजारच्या खुर्चीत रात्रभर न झोपलेली आई. दिवा तर लख्ख निळा दिसत होता. शेवटी रेडिओमीटर मागवून मोजलं, तेव्हा कळलं की ट्यूबमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद पार कमी झाली आहे. वापराचे तास वाढतील तशा या ट्यूब क्षीण होतात आणि डोळ्यांना ते कळत नाही. ट्यूब बदलल्या आणि आकडा उतरू लागला. दिव्यासाठी देणगी होती, ट्यूबसाठी नव्हती, मोजायच्या उपकरणासाठी तर नव्हतीच. ते तेव्हा दुसरीकडून उसनं आणलं होतं. ती आई अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डायलिसिसचंही तसंच. साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. मशीनमधून रक्तातली घाण ओढून घेणारा द्राव मिनिटाला अर्धा लिटर वाहतो, म्हणजे एका बैठकीला जवळजवळ 120 लिटर शुद्ध पाणी. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन असेल आणि ते कार्बन फिल्टरने आधी काढलं नाही, तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे रुग्णाचा जीव मशीनइतकाच मागच्या खोलीतल्या त्या फिल्टरवर अवलंबून. मशीनवर आईवडिलांच्या नावाची पाटी लावावीशी वाटते, ती भावना मी मनापासून मानते. फिल्टरमधला कार्बन बदलायला पैसे द्या असं सांगताना मात्र मला जास्त वेळ समजावावं लागतं.

हा अनुभव आमच्यापुरता नाही. साधनसामग्री कमी असलेल्या देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांचा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सुमारे 38 टक्के बंद पडलेली होती. प्रशिक्षण नाही, देखभालीची व्यवस्था नाही, वीज-पाण्यासारख्या सोयी नाहीत, ही त्याची मुख्य कारणं. म्हणून कुणी जुनं मशीन देऊ केलं की मी आधी विचारते : सुटे भाग मिळतात का? माहितीपुस्तिका आहे का? देखभालीचा करार कोण करणार? काही वेळा नकार द्यावा लागतो, आणि देणाऱ्याचं मन दुखावतं याचं मला वाईट वाटतं.

प्रशिक्षण आणि रुग्णसेवेच्या कार्यक्रमांनाही पैसा लागतो, तो चटकन दिसत नाही इतकंच. सिस्टरांना वर्षातून एकदा बाहुलीवर सराव करायला मिळतो, न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा याचा. पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी, मधुमेहींच्या पायांची तपासणी. आणि डायलिसिसला येण्या-जाण्याचं भाडं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण उपचार मोफत असूनही केवळ गाडीभाड्यापायी बैठक चुकवणारी माणसं मी पाहिली आहेत. वर्षाला दीडशेहून जास्त खेपा होतात, आणि बहुतेकदा सोबत एक जण असतोच.

तेव्हा माझं प्रामाणिक मत विचाराल तर, मशीनसाठी देत असाल तर त्याच्या पुढच्या काही वर्षांच्या देखभालीचाही वाटा त्यात धरा. नाहीतर कारणाची जागा कोरी ठेवा आणि वर्षअखेरीला हिशोब मागा. आम्ही तो देतो, द्यायलाच हवा.

पुढच्या वेळी पावती घेतलीत की लगेच निघू नका. बाळांच्या कक्षात आत जाता येणार नाही, पण काचेतून दिसेल. त्या निळ्या दिव्याशेजारी आता सुतळीने बांधलेली एक वही लटकते. आमच्या स्वतःच्या रेडिओमीटरवरचा आकडा सिस्टर दर आठवड्याला त्यात लिहितात, तारीख आणि सहीसकट.