आमची वाटचाल : पाणी मागण्याच्या तीन तऱ्हा

स्वमग्न मुलांच्या प्रगतीची नोंद ठेवणारे ॲप आम्ही चौघांनी पुण्यात तयार केले, तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत ‘पाणी’ या शब्दापुढे दोनच बटणे होती : ‘बोलला’ आणि ‘बोलला नाही’. पाच वर्षांच्या एका मुलाच्या आईने चार महिने रोज न चुकता नोंद केली, तरी आलेख जागचा हलला नाही. स्पीच थेरपिस्टच्या भेटीला येताना त्यांनी स्वतःची शंभर पानी वहीही आणली होती. पूर्वी तहान लागली की मुलगा आईचे मनगट धरून तिला माठापाशी ओढत नेई आणि तिच्या तोंडाकडे पाहतही नसे. आता तो माठाकडे बोट दाखवून आईकडे वळून बघतो, असे तीत लिहिले होते. हे वळून बघणे फार मोलाचे असते, कारण आपल्या मनातले दुसऱ्याला कळवायचे आहे ही जाणीव त्यातून दिसते, आणि शब्द बहुधा त्यानंतरच येतो. आमच्या ॲपने मात्र ते चार महिने ‘नाही’च्या खात्यात टाकले होते. त्याची खंत आम्हाला आजही आहे.

त्यानंतर ॲप मुळापासून नव्याने बांधले. आता मुलाने कसे मागितले (हाताला धरून, बोट दाखवून की शब्दाने) आणि त्याला किती मदत लागली, हे दोन्ही नोंदवता येते. कणकेच्या हातांनी टाइप करणे जमत नाही, म्हणून बोलून नोंद करण्याची सोयही केली.

पालकांची एक मागणी आम्ही विचारपूर्वक नाकारली. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत 40 मुद्दे असून प्रत्येकाला 1 ते 5 गुण दिले जातात. हा आकडा दर महिन्याला फोनवर दिसावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु ती श्रेणी प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाला प्रत्यक्ष पाहून भरायची असते, तीत गुण जास्त म्हणजे लक्षणे अधिक तीव्र, आणि माठापाशी घडलेला बदल टिपण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

मुलांच्या चित्रफिती पालकांच्याच फोनवर राहतात. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली. आमच्या मते घरातल्या खासगी क्षणांसाठी तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हते.

प्रत्येक पानाच्या तळाशी आता ‘आणखी काय दिसले?’ असा रिकामा चौकोन असतो. आमच्यासोबत काम करणाऱ्या थेरपिस्ट आलेखाआधी तोच वाचतात.